मांडवीचा ताप आणि परळची प्रयोगशाळा

वांद्र्याच्या पाखाड्या, माझगाव, गिरगावची खोताची वाडी किंवा साष्टीतील एखादे गावठाण, अशा जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून हिंडताना वाटेच्या कडेला क्रूस दिसतात. त्यांतील कित्येकांवर १८९६ नंतरच्या आठ-दहा वर्षांतील एखादे साल कोरलेले असते. ही सारी प्लेगची साले आहेत. संध्याकाळी त्या क्रूसांपाशी जमून आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी जपमाळ म्हटली, 'मरी टळो' म्हणून मेणबत्त्या लावल्या. आपल्या समाजाने त्या संकटाची आठवण अशी दगडात जपून ठेवली, हे योग्यच झाले. परंतु त्याच वर्षांची दुसरी एक कथा आहे. ती नगरपालिकेच्या सभागृहात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या दोन लहान खोल्यांत आणि परळच्या एका जुन्या मठाच्या वास्तूत घडली. संकटकाळी सरकार आणि विद्वान यांनी एकमेकांशी कसे वागावे, हा त्या कथेतील प्रश्न आहे. कथेच्या आरंभी एक गोवेकर कॅथलिक डॉक्टर उभा आहे, म्हणून तर ती आपण अधिक अगत्याने वाचली पाहिजे.

डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली बारदेशातील हडफडे गावी झाला. मुंबईत सेंट मेरीज शाळेत व पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८४५ साली सुरू झालेल्या या कॉलेजाचे आपल्या लोकांशी आरंभापासूनच नाते होते. १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत भाऊ दाजी लाड यांच्या बरोबरीने सेबास्तियन कार्व्हालो आणि जुझे कामिलो लिस्बोआ ही नावे आढळतात. व्हिएगस त्याच परंपरेतले. त्यांनी दवाखाना थाटला तो मांडवीत, म्हणजे बंदराजवळच्या, धान्याच्या वखारींनी गजबजलेल्या भागात. चाळी अंधाऱ्या, गटारे तुंबलेली, एकेका खोलीत आठ-दहा माणसे. १८८८ पासून ते महापालिकेचे सभासदही होते. एकाच माणसाच्या अंगी कॉलेजची विद्या, वस्तीतील रुग्णांचा रोजचा संबंध आणि सभागृहातील आसन या तिन्ही गोष्टी आल्या होत्या. पुढे जे घडले त्याचे मूळ या योगायोगात आहे, असे मला वाटते.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवीत जांघेत किंवा काखेत गाठ येऊन तीव्र तापाने माणसे दगावू लागली. व्हिएगस यांनी ती लक्षणे ओळखली आणि २३ सप्टेंबर रोजी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे उभे राहून हा गाठीचा प्लेग आहे असे सांगून टाकले. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. परंतु त्या काळी 'प्लेग' हा शब्द उच्चारणे म्हणजे मुंबईच्या व्यापारावर कुऱ्हाड चालविणे होते. जहाजांना परदेशी बंदरांत विलगीकरण, मालाला बंदी, गिरण्यांची मजूरटंचाई हे सारे त्या एका शब्दामागून येणार, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. पालिकेच्या आरोग्य खात्याची भाषा 'गाठी येणारा एक विशिष्ट ताप' अशी सावध होती. शब्द टाळल्याने रोग टळत नाही, पण काही दिवस तरी उत्तर द्यावे लागत नाही. सरकारी कचेऱ्यांना हे सुख नेहमीच प्रिय असते. व्हिएगस यांच्यावर टीका झाली, त्यांच्या निदानावर शंका घेतल्या गेल्या. अखेर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले आणि निदान खरे ठरले. या जंतूचा शोध अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये लागला होता.

रोगाचे नाव निश्चित होताच शहराचे रूप पालटले. १८९१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांवर होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून कोकणात, गोव्यात, देशावर, काठेवाडात निघून गेले. ज्यांच्यासोबत रोग गेला त्यांच्या गावांचीही दशा मग मुंबईसारखीच झाली.

सरकारने या वेळी दोन मार्ग एकदम चोखाळले, आणि त्यांतील विरोध लक्षात घेतल्यावाचून ही कथा समजणार नाही. पहिला मार्ग हुकुमाचा. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी पालिका आयुक्त स्नो यांनी जाहीरनामा काढून रोग्याला सक्तीने रुग्णालयात नेण्याचे अधिकार घेतले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, तेव्हा आयुक्तांना काही पावले मागे घ्यावी लागली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. तोच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला, एवढे त्याचे आयुष्य. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईची प्लेग समिती नेमली गेली, म्हणजे रोगाचा कारभार सैनिकाच्या हाती गेला.

पुण्यात रँड यांनी गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, देवघरापासून माजघरापर्यंत काहीही सोडले नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हे सारे शाळेच्या पुस्तकात आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. त्याच पुण्यात १० मार्च रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला, आणि प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांचे जे हाल होत त्याविषयी पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून सरकारला जाब विचारला. लोकांच्या वतीने बोलणाऱ्या या दोन स्त्रियांची नोंद मात्र केलीच पाहिजे.

दुसरा मार्ग विद्येचा. तो अगदी गाजावाजा न करता सुरू झाला. कलकत्त्याला पटकीच्या लसीचे काम करीत असलेल्या वाल्देमार हाफकिन यांना सरकारने मुंबईस बोलावून घेतले आणि ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते येथे पोहोचले. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेला हा ज्यू गृहस्थ मेचनिकॉफ यांचा विद्यार्थी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत राहून १८९२ साली त्याने पटकीवरची लस तयार केली होती. वैद्यकाची पदवी त्याच्याजवळ नव्हती, तो मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. लष्करी शिस्तीच्या सरकारी वैद्यकीय सेवेतील कित्येक गोऱ्या डॉक्टरांना हा परका, रशियन नावाचा, पदवी नसलेला मनुष्य पहिल्यापासून खुपत होता. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी, कारण पुढे ती उपयोगी पडेल.

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत हाफकिन यांना दोन खोल्या मिळाल्या. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. खोल्या कॉलेजच्या, हुकूम सरकारचा आणि इमारतीसाठी पैसा एका पारशी दानशूराचा, असा तो संसार होता. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवायचे, तर त्यांना तरंगायला काहीतरी आधार हवा. हाफकिन यांनी रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले. त्या तुपाला धरून जंतूंच्या वसाहती खाली लोंबकळू लागल्या, जशा एखाद्या गुहेच्या छताला चुनखडीच्या कांड्या लोंबाव्यात. हलवले की त्या तळाशी पडत आणि वर नव्या वाढत. असा दाट रस तयार झाला की तो ७० अंश उष्णतेवर तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, म्हणजे बाहेरचा दुसरा कोणताही जंतू त्यात वाढू नये. हे कार्बोलिक आम्लही वाचकांनी लक्षात ठेवावे. मांसाच्या बाबतीत लोकांच्या धार्मिक भावना दुखावू नयेत म्हणून बोकडाचे मांस वापरण्याची व्यवस्था पुढे करण्यात आली. प्रयोगशाळेतील माणसाने बाहेरच्या वस्तीचा इतका विचार करावा, ही तेव्हा काही सामान्य गोष्ट नव्हती.

तीन महिने हे काम चालले. मदतनिसांपैकी एकाचे मन खचले, दोघे सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक. ताप आला, दुखले आणि ते बरे झाले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांना लस दिली गेली आणि उरलेल्यांना नाही. लसीचा परिणाम होण्याइतका अवधी गेल्यानंतर जे चित्र दिसले ते स्पष्ट होते: लस न घेतलेल्यांत माणसे दगावली, घेतलेल्यांत नाही. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे अहवाल सांगतात. गजांआडच्या माणसाची स्वेच्छा कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. आजच्या वाचकाने तो विचारावा, आणि तरीही त्या परीक्षेने हजारोंचे प्राण वाचविण्याचा मार्ग खुला केला हेही मान्य करावे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तुरुंगाबाहेरची सर्वांत बोलकी परीक्षा इंग्रजांच्या राज्यात झाली नाही. ती १८९७ साली पोर्तुगीज दमणमध्ये झाली. धाकट्या दमणची वस्ती ८,२३० होती. त्यांतील २,१९७ जणांनी लस घेतली, त्यांच्यापैकी ३६ दगावले. लस न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ माणसे मेली. म्हणजे एकीकडे शंभरात दोनाहूनही कमी आणि दुसरीकडे शंभरात जवळजवळ पंचवीस. दमणच्या किल्ल्याच्या छायेतील त्या गावात त्या वर्षी किती घरांना कुलपे लागली असतील, हे आकडेच सांगतात.

लोकांनी लस घ्यावी म्हणून सरकारच्या हुकुमापेक्षा अधिक उपयोगी पडले ते लोकांमधलेच मान्यवर. तरुण आगाखानांनी सर्वांसमक्ष दंड पुढे केला आणि त्यांच्यामागून हजारो खोजांनी. त्यांनीच हाफकिन यांना काही काळ प्रयोगशाळेसाठी आपला खुशरू लॉज हा बंगला दिला. डॉ. व्हिएगस यांनी स्वतः सुमारे १८,००० माणसांना लस टोचली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. मांडवीतील ज्या माणसाने आजार ओळखला त्याच्याच हातची सुई लोकांना परकी वाटली नाही. रुग्णालयांतून क्रुसाच्या कन्या या संघाच्या धर्मभगिनी प्लेगच्या रोग्यांच्या उशाशी बसल्या. परळचे जुने गव्हर्न्मेंट हाउस तेव्हा प्लेगचे रुग्णालय झाले होते.

या वास्तूविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. पोर्तुगीज अमलात ती एक मठ होती. इंग्रजांनी ती ताब्यात घेतली आणि तिचे गव्हर्नरचे निवासस्थान केले. जिथे मिस्साबळी होत असे त्या चॅपलच्या भिंतींत मेजवान्यांचे दालन उभे राहिले. १८८२ साली गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन येथेच पटकीने वारल्या आणि गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार पॉइंटला मुक्काम हलविला. ओस पडलेल्या त्या वाड्यात प्लेगचे रोगी आले, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तेथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली, जिचे प्रमुख हाफकिन झाले. प्रार्थना, राजविलास, रोग आणि संशोधन, असे चार अवतार एकाच वास्तूला मिळाल्याचे उदाहरण दुर्मीळ असेल.

आता विद्येच्या मार्गातील एक अपयश सांगतो. १८९८ साली भारत सरकारने एक प्लेग आयोग नेमला. एडिंबरो विद्यापीठातील प्राध्यापक टॉमस फ्रेझर अध्यक्ष, आणखी दोन शास्त्रज्ञ आणि दोन सनदी अधिकारी, अशी रचना होती. कागदावर सरकार आणि विद्यापीठ यांचे याहून समतोल सहकार्य ते कोणते? आयोग गावोगाव फिरला, शेकडो साक्षी घेतल्या, मोठमोठे खंड प्रसिद्ध केले. परंतु त्याच वर्षी, जून १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने प्लेग उंदराकडून पिसवेमार्फत पसरतो हे प्रयोगाने दाखविले होते. आयोगाने पिसवेला जवळजवळ विचारात घेण्याजोगेही मानले नाही. त्यामुळे घरे धुणे, छपरे उघडी करणे, फिनेल शिंपडणे, कपडे जाळणे हे चालूच राहिले, आणि पिसू ज्या उंदराच्या अंगावरून उतरत होती तो वखारीत धान्य खात होता. या आयोगाचे सभासद अज्ञानी नव्हते. त्यांनी साक्षी ऐकल्या, पण स्वतःच्या हाताने एकही पिंजरा टांगला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते विद्वानाला सरकारने खुर्ची दिली आणि टेबल दिले नाही, तर त्यातून अहवाल निघतो, उत्तर निघत नाही.

यानंतर आले मुल्कोवाल. हे पंजाबातील एक खेडे. १९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान घातले होते आणि तेथील सरकारला लस फार मोठ्या प्रमाणावर व तातडीने हवी होती. मागणी पुरी करण्यासाठी परळच्या प्रयोगशाळेत लस बनविण्याची जलद पद्धत सुरू झाली. जुन्या पद्धतीतले कार्बोलिक आम्ल तीत वगळले होते. पाश्चर संस्थेतही तसेच करीत, म्हणून हे गैर वाटण्याचे कारण नव्हते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवालमध्ये १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. या एकोणीसही जणांना ५३-एन असे चिन्ह असलेल्या एकाच बाटलीतून लस मिळाली होती.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेतच, दूषित झाली असावी असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. घाई सरकारने केली, परंतु त्या घाईचा जाब एकट्या हाफकिन यांना द्यावा लागला. ज्या सेवेतील अधिकाऱ्यांना हा परका मनुष्य आधीच खुपत होता त्यांनी दुःख केल्याचे दिसत नाही. ड्रेफसचे प्रकरण तेव्हा ताजे होते. 'हा लहानसा ड्रेफस' असे लोक म्हणू लागले यात नवल नाही.

पुराव्यात मात्र एक साधी गोष्ट होती. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय, ते जंतू जर बाटलीत कित्येक दिवस वाढत असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. टोचणी करणाऱ्या डॉक्टरांनी बाटली हुंगून पाहिली होती आणि त्यांना वास आला नव्हता. या दोन मुद्द्यांवर चार वर्षे कोणी मोठ्याने बोलले नाही.

बोलले ते विद्यापीठांतील लोक. हिवतापाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस, पूर्वी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी असलेले व आता लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झालेले सिम्प्सन, केंब्रिजचे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक सिम्स वुडहेड, आणि असेच आणखी सात जण. या दहा जणांचे पत्र २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप निराधार आहेत, असे त्यांनी स्वच्छ शब्दांत मांडले. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारला त्यांना पुन्हा सेवेत घ्यावे लागले. मला या प्रसंगाचे मोल लसीच्या शोधाइतकेच वाटते. सरकारने बोलावलेला विद्वान जर सरकारने टाकला आणि त्याचे समव्यवसायी गप्प बसले, तर पुढच्या साथीत कोणता विद्वान सरकारच्या हाकेला ओ देईल? त्या एकोणीस कुटुंबांना मात्र या पत्रातून काहीही मिळाले नाही, ही जाणीवही सुटू नये.

या मधल्या काळात परळची प्रयोगशाळा थांबली नव्हती. तेथील ग्लेन लिस्टन या तरुण डॉक्टराच्या कानावर १९०३ साली बातमी आली की, मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातील गिनीपिग मरत आहेत. त्याने जाऊन पाहिले. प्राणी प्लेगने मेले होते आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा होत्या. सिमों यांचे टाकून दिलेले म्हणणे येथे पुन्हा जिवंत झाले. १९०५ साली नव्या पद्धतीचे सहकार्य आकारास आले. भारतमंत्र्यांचे खाते, लंडनची रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट या तिघांनी मिळून एक सल्लागार समिती नेमली, आणि तिच्या देखरेखीखाली शास्त्रज्ञांचे एक पथक परळलाच येऊन राहिले. पूर्वीच्या आयोगाप्रमाणे ते गावोगाव साक्षी घेत हिंडले नाही. मठाच्या आवारात त्यांनी लहान लहान खोपट्या बांधल्या, कौलारू आणि पत्र्याच्या, आणि त्यांत उंदीर व गिनीपिग सोडून ते पाहत बसले.

त्यांचा एक प्रयोग इतका सोपा आहे की आपल्या शाळकरी मुलांना सांगावा. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोपटीत एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला आणि दुसरा दोन फुटांवर. खालच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना प्लेग झाला, वरच्यांना नाही. हवेने रोग पसरत असता तर दोन्हीकडे झाला असता. पिसवेला दोन इंच उडी मारता येते, दोन फूट येत नाही. दुसऱ्या प्रयोगात पिंजऱ्याभोवती चिकट कागद पसरला, तेव्हा पिसवा त्याला चिकटल्या आणि आतले प्राणी वाचले. शहरात वर्षभरात लाखाहून अधिक उंदीर तपासण्यात आले. शीव, वडाळा, परळ आणि वरळी या त्या वेळच्या गावांत घरोघरच्या रोगाची आणि मेलेल्या उंदरांची नोंद ठेवली गेली, आणि आधी उंदीर मरतात, मग काही दिवसांनी माणसे, हा क्रम पुन्हा पुन्हा दिसला. वरळीच्या कोळीवाड्यातील कोणा आजीने 'घरात उंदीर पडला की घर सोडावे' असे म्हटले असते तर ते प्रयोगाने सिद्ध झाले असते. कित्येक खेड्यांतून लोक तसे वागतही होते.

सरकारला या उत्तराने मोठासा आनंद झाला नसावा. कारण उंदराला शिक्षा करता येत नाही. रोगी शोधून पकडण्यापेक्षा वखारी बांधणे, कोंदट घरे पाडून नवी उभारणे आणि कचरा उचलणे अधिक खर्चिक होते. त्यासाठी १८९८ साली मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला होता. त्याने रस्ते रुंद केले, पण ज्यांची घरे पाडली त्यांतील सर्वांना नवी घरे मिळाली नाहीत. विद्वानाने रोगाचे कारण सांगितले म्हणजे काम संपले, असे होत नाही. त्या कारणावर कोणी किती पैसा खर्च करायचा, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. भारतात या साथीने पुढच्या दोन दशकांत एक कोटीहून अधिक माणसे घेतली, ती प्लेगचे कारण कळल्यानंतरही.

हाफकिन यांना परळ परत मिळाले नाही. त्यांना कलकत्त्यास पाठविले गेले आणि १९१४ साली ते भारतातून निवृत्त होऊन गेले. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले, तेव्हा ते युरोपात होते. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले. डॉ. व्हिएगस १९०६ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या स्थानावर बसणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती. १९३३ साली ते वारले, आणि धोबीतलावावर, मेट्रो सिनेमासमोर, त्यांचा पुतळा उभारण्यात आला. सोनापूरच्या दुःखी मातेच्या देवालयात मिस्साला जाणाऱ्या भाविकांच्या वाटेपासून ती जागा फार लांब नाही.